इंग्रजीतील फसव्या शब्दजोड्या आणि फाउलर यांचा कोश : एक पुनर्विचार

इंग्रजी भाषेच्या अध्यापनात परस्परांशी गल्लत होणाऱ्या शब्दजोड्यांना एक ठरावीक स्थान मिळालेले आहे. शालान्त परीक्षेपासून स्पर्धा परीक्षांपर्यंत ‘योग्य शब्द निवडून रिकाम्या जागा भरा’ हा प्रश्न विद्यार्थ्याच्या वाट्याला येतो आणि त्याचे एकच बरोबर उत्तर असते असे गृहीत धरले जाते. हे गृहीतक कोठून आले, त्याला भाषेच्या इतिहासाचा आधार किती, आणि मराठी मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्याची खरी अडचण त्या प्रश्नात उतरते काय, याचा विचार मात्र क्वचितच केला जातो. प्रस्तुत लेखात एच. डब्ल्यू. फाउलर यांच्या ‘अ डिक्शनरी ऑफ मॉडर्न इंग्लिश युसेज’ (१९२६) या ग्रंथाच्या अनुषंगाने हा विचार मांडला आहे. विसाव्या शतकात इंग्रजी शब्दयोजनेविषयी जे मार्गदर्शक ग्रंथ निर्माण झाले, त्यांतील बहुतेकांना फाउलर यांना अनुसरून किंवा त्यांच्याशी वाद घालूनच पुढे जावे लागले. त्यामुळे या कोशाची चिकित्सा ही एका अर्थाने संपूर्ण परंपरेचीच चिकित्सा ठरते.

फाउलर यांची भूमिका

हेन्री वॉटसन फाउलर (१८५८–१९३३) हे पेशाने शिक्षक होते. सेडबर्ग येथील शाळेत सुमारे सतरा वर्षे अध्यापन केल्यानंतर, विद्यार्थ्यांना धर्मदीक्षेसाठी तयार करण्याचे काम आपल्या विवेकबुद्धीला पटत नाही म्हणून त्यांनी ती नोकरी सोडली. पुढे गर्न्सी बेटावर धाकटे बंधू फ्रान्सिस यांच्यासमवेत राहून त्यांनी ‘द किंग्ज इंग्लिश’ (१९०६) आणि ‘कन्साइज ऑक्सफर्ड डिक्शनरी’ (१९११) हे दोन ग्रंथ सिद्ध केले. फ्रान्सिस यांचे १९१८ मध्ये क्षयाने निधन झाले. दोघांनी मिळून योजलेला शब्दयोजनेचा कोश हेन्री यांनी एकट्याने पूर्ण केला आणि तो बंधूंच्या स्मृतीस अर्पण केला.

या कोशात ‘जोड्या आणि फास’ अशा अर्थाच्या शीर्षकाची एक नोंद आहे. तीत गल्लत होणाऱ्या शब्दांची यादी दिलेली असून त्यांतील अनेक शब्दांचा परामर्श त्या त्या ठिकाणी स्वतंत्रपणे घेतलेला आहे. परंतु फाउलर यांचा खरा सिद्धान्त या यादीत नाही; तो ‘डिफरन्सिएशन’ या नोंदीत आहे. एकाच मुळातून निघालेली किंवा एकाच अर्थाची दोन रूपे भाषेत शेजारी नांदू लागली म्हणजे कालांतराने समाज त्यांच्यात कामाची वाटणी करतो, अशी ही कल्पना आहे. ‘हिस्टॉरिक’ म्हणजे इतिहासात नोंद व्हावी असे, आणि ‘हिस्टॉरिकल’ म्हणजे इतिहासाशी संबंधित. ‘इकॉनॉमिक’ म्हणजे अर्थव्यवहारासंबंधीचे, आणि ‘इकॉनॉमिकल’ म्हणजे काटकसरीचे. काही जोड्यांत ही वाटणी पूर्ण झालेली असते, काहींत ती अर्धवट असते, तर काहींत सुरूही झालेली नसते. वाटणी पूर्ण झालेल्या जोडीत गल्लत करणारा लेखक भाषेने मिळवलेली संपत्ती उधळतो, असे फाउलर मानत. दोन रूपे आहेत म्हणून त्यांत फरक असलाच पाहिजे असा आग्रह ते धरत नाहीत. उलट, विनाकारण शिल्लक राहिलेले रूप टाकून द्यावे असेही ते सुचवतात. नियमांचा दंडुका उगारणारा वैयाकरण अशी जी त्यांची प्रतिमा पुढे रूढ झाली, ती या नोंदीच्या वाचनाने बरीच सैल होते.

इतिहासाची साक्ष

तथापि वाटणी पूर्ण झाली आहे की नाही हे ठरवावयाचे कोणी, हा प्रश्न उरतोच. या संदर्भात ‘डिसइंटरेस्टेड’ आणि ‘अनइंटरेस्टेड’ ही जोडी उद्बोधक आहे. आजच्या मार्गदर्शक ग्रंथांनुसार पहिला शब्द ‘ज्याचा हितसंबंध गुंतलेला नाही असा’ या अर्थी, तर दुसरा ‘ज्याला रस नाही असा’ या अर्थी वापरावा. पंचाने डिसइंटरेस्टेड असावे, अनइंटरेस्टेड असू नये, हे उदाहरण तर सर्वत्र दिले जाते. परंतु ऑक्सफर्डच्या ऐतिहासिक कोशातील नोंदी पाहिल्या तर चित्र नेमके उलटे दिसते. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात जॉन डन यांनी ‘डिसइंटरेस्टेड’ हा शब्द ‘रस नसलेला’ या अर्थी योजला आहे, आणि ‘अनइंटरेस्टेड’ हा शब्द त्याच शतकात ‘निःपक्ष’ या अर्थी आढळतो. पुढे दोन्ही शब्दांनी जणू आपापली घरे बदलली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ऑक्सफर्डच्या कोशकारांनी ‘डिसइंटरेस्टेड’चा जुना अर्थ लोपला असावा अशी प्रश्नचिन्हांकित नोंद केली, आणि विसाव्या शतकात तोच अर्थ पुन्हा जोमाने वर आला. शुद्धतावादी ज्याला आधुनिक भ्रष्टता म्हणतात, तो वस्तुतः त्या शब्दाचा सर्वांत जुना नोंदवलेला अर्थ आहे.

मराठी वाचकास हा प्रवास अपरिचित वाटण्याचे कारण नाही. ‘उदासीन’ हा शब्द संस्कृतात नेमक्या याच वाटेने गेला आहे. भगवद्गीतेत तो मित्र व शत्रू या दोहोंविषयी समभाव बाळगणाऱ्याच्या संदर्भात येतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील ‘उदासीन’ राजा हा संघर्षरत पक्षांपासून अलिप्त असलेला समर्थ राजा आहे. आजच्या मराठीत मात्र ‘प्रशासन उदासीन आहे’ या वाक्याचा अर्थ प्रशासनाला आस्था नाही असाच होतो. प्रशासनाची स्तुती केली असे कोणालाही वाटणार नाही. अलिप्ततेचा अर्थ अनास्थेकडे घसरला. यामुळे मराठी भाषा दरिद्री झाली काय? ‘तटस्थ’, ‘निःपक्षपाती’, ‘निःस्वार्थ’ असे शब्द ती जागा भरून काढण्यास उपलब्ध होते. इंग्रजीतही ‘इम्पार्शल’ आहे, ‘अनबायस्ड’ आहे. तेव्हा ‘डिसइंटरेस्टेड’ गमावल्याने आकाश कोसळणार नाही, असा युक्तिवाद करता येतो.

हा युक्तिवाद पूर्णपणे स्वीकारण्याजोगा मात्र नाही. ‘इम्पार्शल’ हा शब्द न्यायाधीशाच्या वर्तनाविषयी बोलतो, ‘डिसइंटरेस्टेड’ त्याच्या स्थितीविषयी. आपल्या भावाचा खटला चालवणारा न्यायाधीश कदाचित निःपक्षपाती राहू शकेल. हितसंबंधमुक्त तो असूच शकत नाही. फरक सूक्ष्म आहे, पण खरा आहे, आणि निवड समित्या व परीक्षक मंडळे यांच्या कामकाजाशी परिचित असलेल्यांना तो समजावून सांगण्याची गरज नाही. म्हणजे येथे इतिहास शुद्धतावाद्यांच्या विरोधात आहे आणि उपयुक्तता त्यांच्या बाजूने आहे. फाउलर यांच्या सिद्धान्ताचे बळ अशा ठिकाणी जाणवते, कारण तो व्युत्पत्तीवर उभा नसून उपयोगावर उभा आहे. मात्र लेखकाने एवढे ध्यानात ठेवावे की ज्याला हा भेद अपेक्षितच नाही अशा वाचकापर्यंत केवळ हा एक शब्द तो भेद पोहोचवू शकणार नाही. वाक्याच्या उर्वरित भागाने त्याला हात दिला पाहिजे.

‘लेस’ आणि ‘फ्यूअर’ यांची गोष्ट वेगळी आहे. मोजता येणाऱ्या वस्तूंसाठी ‘फ्यूअर’ आणि न मोजता येणाऱ्यांसाठी ‘लेस’ हा नियम रॉबर्ट बेकर यांच्या १७७० च्या पुस्तकापर्यंत मागे नेता येतो, आणि तेथे तो नियम म्हणून नव्हे, तर लेखकाची वैयक्तिक पसंती म्हणून येतो. मोजता येणाऱ्या वस्तूंसाठी ‘लेस’चा वापर तर राजा आल्फ्रेड याच्या काळच्या, म्हणजे नवव्या शतकातील गद्यातही सापडतो. या भेदाने अर्थात कोणती भर पडते, हे शोधून सापडत नाही, कारण ‘मोअर’ या शब्दाला असा जोडीदार नाही आणि त्याविना कोणाचे अडलेलेही नाही. मराठीत ‘कमी पाणी’ व ‘कमी माणसे’ यांत एकच शब्द चालतो आणि संदिग्धता निर्माण होत नाही. तरीही ब्रिटनमधील टेस्को या दुकानसाखळीने २००८ मध्ये झटपट हिशेबाच्या रांगेवरील ‘टेन आयटम्स ऑर लेस’ ही पाटी बदलून ‘अप टू टेन आयटम्स’ अशी शब्दयोजना स्वीकारली. वादाचा निकाल न लावता वादाचे स्थानच टाळण्याची ही युक्ती वैयाकरणांपेक्षा व्यवहारी म्हणावी लागेल.

जन्माने मिळणारा नियम

या परंपरेची सर्वांत कमकुवत बाजू ‘शॅल’ आणि ‘विल’ यांच्या विवेचनात उघडी पडते. प्रथम पुरुषात केवळ भविष्यासाठी ‘शॅल’, द्वितीय व तृतीय पुरुषांत ‘विल’, आणि निर्धार वा आज्ञा दर्शवावयाची असल्यास नेमके उलट, हा नियम जॉन वॉलिस यांच्या १६५३ मधील लॅटिन भाषेत लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणापासून चालत आलेला आहे. फाउलर बंधूंनी ‘द किंग्ज इंग्लिश’मध्ये त्यावर अनेक पाने खर्च केली आणि आरंभीच एक विलक्षण कबुली दिली : दक्षिण इंग्लंडच्या माणसाला हा प्रयोग निसर्गतःच अवगत असतो, आणि तेथे न जन्मलेल्यांना तो आत्मसात होणे जवळपास अशक्य आहे. बुडणारा परदेशी वा स्कॉटिश मनुष्य ‘शॅल’ व ‘विल’ यांची अदलाबदल करून ‘मी बुडणारच, मला कोणी वाचवता कामा नये’ असे ओरडतो, हा किस्सा इंग्रजी व्याकरणग्रंथांतून दीर्घकाळ सांगितला गेला. त्यातील विनोद ओसरला की उरते ती वर्गजाणीव. जो नियम शिकून येत नाही, केवळ जन्माने येतो, तो अर्थभेदाचा नियम नसून ओळखपत्र आहे.

हे ओळखपत्र भारतात मात्र पाठ्यपुस्तकांच्या मार्गाने आले. नेसफील्ड यांची व्याकरणे आणि पुढे १९३० च्या दशकातील रेन आणि मार्टिन यांचे हायस्कूल व्याकरण यांनी हा नियम पिढ्यान्‌पिढ्या रुजवला. यांपैकी पी. सी. रेन हे मुंबई इलाख्यात शिक्षण खात्यात काम केलेले आणि पुढे ‘ब्यू जेस्ट’ (१९२४) या कादंबरीमुळे नावारूपास आलेले गृहस्थ. ज्या नियमाविषयी त्याच्या सर्वांत मोठ्या समर्थकांनीच हात टेकले होते, तो साताऱ्याच्या किंवा अमरावतीच्या विद्यार्थ्याने तक्त्यावरून पाठ करावा अशी अपेक्षा धरली गेली. दरम्यान खुद्द इंग्लंडमध्ये भविष्यवाचक ‘शॅल’ मागे पडत गेला. विद्यार्थ्याने तक्ता पाठ केला तोवर तक्त्यातील देश दुसरीकडे निघून गेला होता!

‘शॅल’ जेथे खरोखर महत्त्वाचा आहे ते क्षेत्र कायद्याचे आणि विनियमांचे. भारतीय संविधानात, अधिनियमांत, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या विनियमांत तृतीय पुरुषी ‘शॅल’ बंधन निर्माण करतो आणि ‘मे’ मुभा देतो; तरीही संदर्भ पाहून ‘शॅल’ हा केवळ निर्देशात्मक आणि ‘मे’ हा बंधनकारक आहे असा अर्थ भारतीय न्यायालयांनी वेळोवेळी लावला आहे. एखाद्या प्राध्यापकाची पदोन्नती अशा एका क्रियापदाच्या अर्थावर अडू शकते. ‘शॅल’ विरुद्ध ‘मे’ ही जोडी मात्र गल्लतीच्या शब्दांच्या याद्यांत सहसा दिसत नाही. तेथे ‘शॅल’ विरुद्ध ‘विल’ असते.

मराठी भाषकाचे फास

फाउलर यांचा वाचक कोण होता, हा प्रश्न येथे अपरिहार्य होतो. त्यांच्या याद्यांतील चुका इंग्रजी ऐकत वाढलेल्या, वर्तमानपत्रांतून लिहिणाऱ्या, मोठ्या शब्दांचा मोह असलेल्या अर्धशिक्षित वा अतिशिक्षित इंग्रजांच्या आहेत. नादसाम्य आणि विद्वत्तेचा सोस ही त्या चुकांची उगमस्थाने होत. मराठी भाषकाच्या चुका वेगळ्या उगमातून येतात. ‘दोन वर्षांपासून’ आणि ‘सोमवारपासून’ या दोहोंत मराठीला ‘पासून’ पुरतो; इंग्रजीत कालावधीसाठी ‘फॉर’ आणि प्रारंभबिंदूसाठी ‘सिन्स’ लागतो. ‘जोपर्यंत पाऊस थांबत नाही तोपर्यंत’ या रचनेत मराठीला नकार आवश्यक आहे. तो नकार जसाच्या तसा नेल्यास ‘अन्टिल’नंतर ‘नॉट’ येऊन इंग्रजी वाक्य बिघडते. ‘तो मला म्हणाला’ हे मराठी वाक्य निर्दोष आहे, पण ‘सेड मी’ होऊ शकत नाही. तेथे ‘टोल्ड मी’ हवे. झाडाची ‘सावली’ आणि भिंतीवर पडलेली माणसाची ‘सावली’ या इंग्रजीत ‘शेड’ व ‘शॅडो’ अशा वेगळ्या होतात. इंग्लंडमधील वाचकासाठी लिहिलेल्या कोशात यांतील बहुतेक जोड्या असण्याचे कारणच नाही.

या जोड्या शिकवण्याची रूढ पद्धत मात्र फाउलर यांच्याच वळणाची आहे : दोन शब्द, दोन व्याख्या, दोन वाक्ये. ‘हिअर’ म्हणजे ऐकणे, ‘लिसन’ म्हणजे लक्षपूर्वक ऐकणे. ‘सी’ म्हणजे पाहणे, ‘लुक’ म्हणजे लक्षपूर्वक पाहणे. ही व्याख्या अपुरी तर आहेच, शिवाय मराठीत उपलब्ध असलेले उत्तम साधन ती वाया घालवते. मराठी भाषक ‘मला आवाज ऐकू आला’ आणि ‘मी भाषण ऐकले’ यांत कधीही गल्लत करीत नाही. ‘मला डोंगर दिसला’ आणि ‘मी डोंगराकडे पाहिले’ यांतही करीत नाही. पहिल्या रचनेत अनुभव घेणारा ‘मला’ असा येतो, कारण घटना त्याच्या इच्छेवर अवलंबून नाही. दुसऱ्या रचनेत तो कर्ता आहे, कारण त्याने काही केले आहे. ‘हिअर’ आणि ‘लिसन’, ‘सी’ आणि ‘लुक’ यांतील भेद मुख्यतः हाच आहे. अर्थात ‘आय सॉ अ फिल्म’ यासारखे प्रयोग या चौकटीत पूर्णपणे बसत नाहीत. तरीही ‘लक्षपूर्वक’ या क्रियाविशेषणापेक्षा ‘मला’ आणि ‘मी’ यांतील भेदावर बोट ठेवणे अधिक फलदायी ठरेल. द्विभाषिक विद्यार्थ्याची मातृभाषा ही चुकांची जननी म्हणूनच पाहण्याची सवय या ठिकाणी आड येते. ‘लेंड’ आणि ‘बॉरो’ यांबाबतही तेच. ‘उसने’ हा शब्द दोहोंकडे समान असला तरी ‘देणे’ आणि ‘घेणे’ ही दिशा मराठीने स्पष्ट राखलेली आहे; गल्लत शब्दाच्या पातळीवर आहे, विचाराच्या नव्हे.

काही बहुचर्चित जोड्या तर शब्दनिवडीच्या नसून केवळ वर्णलेखनाच्या आहेत. प्राचार्य या अर्थाचा ‘प्रिन्सिपल’ आणि तत्त्व या अर्थाचा ‘प्रिन्सिपल’ देवनागरीत लिहिले की त्यांतील भेदच नाहीसा होतो. स्थिर या अर्थाचा आणि लेखनसाहित्य या अर्थाचा ‘स्टेशनरी’ यांचेही तसेच. लिहिणाऱ्याच्या मनात या अर्थांचा गोंधळ कधीच नसतो. रजेच्या अर्जात प्राचार्यांऐवजी तत्त्वाला उद्देशून विनंती केली जाते, एवढेच. अशा चुकांना आणि ‘सिन्स’–‘फॉर’च्या चुकांना एकाच प्रश्नात समान गुण देणे हे मूल्यमापन म्हणून सदोष आहे.

उलट बाजूने पाहता, मराठीतही सुशिक्षितांच्या लेखनात ‘अपरोक्ष’ हा शब्द ‘पाठीमागे, गैरहजेरीत’ या अर्थी सर्रास येतो. मुळात ‘परोक्ष’ म्हणजे दृष्टीआड आणि ‘अपरोक्ष’ म्हणजे प्रत्यक्ष. वेदान्तातील ‘अपरोक्षानुभूती’ म्हणजे साक्षात अनुभव. आरंभीच्या ‘अ’चा नकार मराठी कानाने विरुद्ध दिशेला ऐकला. इंग्रजीतील ‘इन्फ्लेमेबल’ची कथा याच जातीची आहे. त्यातील ‘इन’ नकारार्थी नाही. पण तसा समज होण्याचा धोका ओळखून विसाव्या शतकात अमेरिकेतील अग्निसुरक्षेच्या क्षेत्राने ‘फ्लेमेबल’ या रूपाचा पुरस्कार केला. भारतातील इंधनवाहू टँकरांवर अजूनही ‘हायली इन्फ्लेमेबल’ वाचावयास मिळते. येथे व्युत्पत्तिदृष्ट्या निर्दोष शब्द हा जिवाला धोकादायक शब्द ठरतो, आणि भेद राखण्याऐवजी एक रूप सोडून देणे हेच शहाणपणाचे होते. अतिरिक्त रूप टाकून देण्याची फाउलर यांनीच सुचवलेली वाट ती हीच.

कोशाचे उत्तरायुष्य

फाउलर यांच्या कोशाची दुसरी आवृत्ती अर्नेस्ट गॉवर्स यांनी १९६५ मध्ये सिद्ध केली. सरकारी कर्मचाऱ्यांसाठी ‘प्लेन वर्ड्स’ (१९४८) लिहिणाऱ्या गॉवर्स यांनी मूळ ग्रंथाचा स्वर बव्हंशी जपला. आर. डब्ल्यू. बर्चफील्ड यांच्या तिसऱ्या आवृत्तीने (१९९६) मात्र ग्रंथ जवळजवळ नव्याने लिहिला. निर्णय देण्यापेक्षा नोंद करण्याकडे तिचा कल असल्याने ती काहींना स्वागतार्ह, तर काहींना फाउलर यांचा विश्वासघात वाटली. जेरेमी बटरफील्ड यांची चौथी आवृत्ती २०१५ मध्ये आली. तत्पूर्वी अमेरिकेत मेरियम-वेब्स्टरच्या १९८९ च्या प्रयोगकोशाने प्रत्येक वादग्रस्त जोडीचा इतिहास अवतरणांसह मांडून अनेक नियमांचे वय आणि उगम उघड केले होते. ही कामगिरी फाउलर यांच्यापेक्षा वाचनीय नसेल; विश्वासार्ह मात्र निश्चितच अधिक आहे.

फाउलर यांच्या एखाद्या सूचनेचे कायद्यात रूपांतर कसे होते, याचा ‘दॅट’ आणि ‘विच’ हा नमुना आहे. मर्यादक उपवाक्यासाठी ‘दॅट’ आणि अधिक माहिती देणाऱ्या उपवाक्यासाठी ‘विच’ अशी वाटणी झाली तर बरे, असे फाउलर यांनी सुचवले आणि ती बहुतेकांची किंवा उत्तम लेखकांचीही रीत आहे असा दावा करणे व्यर्थ होय, हेही त्याच नोंदीत मान्य केले. अमेरिकी संपादकांनी सूचना उचलली आणि पुस्ती सोडून दिली. पुढे मायक्रोसॉफ्ट वर्डच्या व्याकरण-तपासनीसाने ‘विच’खाली रेघ ओढण्यास आरंभ केला, आणि आपला शोधनिबंध इंग्रजीत पाठवणाऱ्या प्राध्यापकाला ती रेघ व्याकरणाची आज्ञा वाटू लागली.

डेनिश भाषाशास्त्रज्ञ ओटो येस्पर्सन यांनी फाउलर यांना व्याकरणातील नीतिउपदेशक ठरवले होते, आणि फाउलर यांनी ते बिरुद नाकारले नाही. २००९ मध्ये डेव्हिड क्रिस्टल यांच्या प्रस्तावनेसह व टिपांसह १९२६ ची मूळ आवृत्ती पुनर्मुद्रित झाली, ती एका विशिष्ट काळाचा दस्तऐवज म्हणून. भारतीय महाविद्यालयांच्या ग्रंथालयांतून मात्र जुन्या आवृत्तीची पुनर्मुद्रणे आणि नव्या आवृत्त्या एकाच फळीवर उभ्या असतात, आणि उत्तरपत्रिकेवरील लाल शाईचा आधार त्यांपैकी कोणत्या वर्षाच्या आवृत्तीत आहे, हे विद्यार्थ्याला सांगितले जात नाही.